प्रत्यारोपणाची वाट पाहताना औषधांना दाद न देणारे जिवाणू: काय करायचं, कोणत्या क्रमानं

किडनी किंवा लिव्हरसाठी यादीत नाव लागलेलं असतं. मधेच एखादा कल्चर रिपोर्ट (नमुन्यातले जिवाणू वाढवून कोणतं औषध लागू पडतं ते पाहणारी तपासणी) येतो, त्यात निम्म्या औषधांसमोर ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, औषध लागू पडत नाही, असं छापलेलं असतं, आणि घरोघरी त्याच दोन चुका होतात. काही जण रिपोर्ट दडवतात, कारण ‘ट्रान्सप्लांटवाल्यांना कळलं तर नाव काढतील’ ही भीती. काही जण रिपोर्ट घेऊन कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जातात आणि ‘यातलं सगळ्यात स्ट्राँग द्या’ म्हणतात. दडवल्यामुळे ऑपरेशनच्या वेळी निरुपयोगी अँटिबायोटिक दिलं जाण्याचा धोका असतो. आणि स्ट्राँग औषध उगाच वापरलं, तर पुढं खरी गरज पडेल तेव्हा त्याचाच उपयोग होत नाही.

खालचा क्रम मुंबईत प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्या रुग्णांच्या घरच्यांसाठी आहे. औषध कोणतं आणि डोस किती, हे ट्रान्सप्लांट टीम ठरवेल. तिच्यापर्यंत बरोबर माहिती वेळेत पोचवणं हे घरच्यांचं काम, आणि गडबड बहुतेक वेळा तिथंच होते.

१. आधी फाईल लावा

रुग्ण मुंबईत दाखवत असला तरी त्याचे आजार मुंबईत घडलेले नसतात. डायलिसिस डोंबिवलीला, पोटातलं पाणी काढलं नाशिकला, मधे ताप आला तेव्हा गावी रत्नागिरीला तीन दिवस सलाईन. परळच्या डॉक्टरांना यातलं काहीच आपोआप कळत नाही.

फाईलच्या पहिल्या पानावर हे एका नजरेत दिसलं पाहिजे:

– गेल्या वर्षभरातला प्रत्येक कल्चर रिपोर्ट: तारीख, नमुना कशाचा होता, कोणता जिवाणू निघाला. निगेटिव्ह आलेलेही ठेवा.
– घेतलेलं प्रत्येक अँटिबायोटिक: नाव, किती दिवस, तोंडानं की शिरेतून.
– कधी, कुठं आणि किती दिवस ॲडमिट होतात. आयसीयूत किंवा व्हेंटिलेटरवर होतात का.
– अंगात सध्या काय बसवलेलं आहे: मानेतला किंवा छातीतला डायलिसिसचा कॅथेटर, लघवीची नळी, पित्तनलिकेतला स्टेंट.
– ॲलर्जी, पण तपशिलासकट. ‘पेनिसिलिन चालत नाही’ हे अपुरं आहे. अंगावर पित्त उठलं, श्वास कोंडला की नुसती मळमळ झाली, ते लिहा. मळमळीला ॲलर्जी समजून चांगली औषधं कायमची बाद होतात.

डिस्चार्ज कार्डावर बऱ्याचदा ‘हायर अँटिबायोटिक्स दिली’ एवढंच असतं. त्याचा काहीही उपयोग नाही. निघण्यापूर्वी वॉर्डातल्या सिस्टरकडून किंवा निवासी डॉक्टरकडून नावं लिहून घ्या, नाहीतर फार्मसीची बिलं जपून ठेवा. त्यात इंजेक्शनची नावं सापडतात.

तपासा: कल्चर रिपोर्टची सगळी पानं फाईलमध्ये आहेत का? जिवाणूचं नाव पहिल्या पानावर असतं आणि औषधांचा तक्ता अनेकदा दुसऱ्या. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना नेमकं ते दुसरं पान राहून जातं.

२. ‘वस्ती’ आहे की ‘संसर्ग’, हे आधी विचारा

या लेखातला एकच टप्पा वाचायला वेळ असेल तर हा वाचा.

जिवाणू अंगावर किंवा आतड्यात नुसता राहत असेल आणि त्रास काहीच देत नसेल, तर डॉक्टर त्याला कोलोनायझेशन म्हणतात. आपण वस्ती म्हणू. तोच जिवाणू रक्तात, फुप्फुसात, लघवीच्या मार्गात किंवा पोटातल्या पाण्यात शिरून आजार घडवू लागला, की तो संसर्ग. आतड्यातला असा जिवाणू पागडीच्या भाडेकरूसारखा असतो: सहजासहजी निघत नाही, आणि हुसकावण्याच्या नादात बाकीची बिऱ्हाडं मात्र उठून जातात.

रिपोर्टांत वारंवार दिसणारी नावं थोडीच आहेत. क्लेब्सिएला आणि ई. कोलाय हे आतड्यातले. ते मेरोपेनेम, इमिपेनेम या गटालाही दाद देईनासे झाले की रिपोर्टवर ‘सीआरई’ किंवा ‘सीआरओ’ असा शेरा येतो. ॲसिनेटोबॅक्टर आणि स्यूडोमोनास हे मुख्यतः आयसीयूतून आलेले. एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस) नाकात आणि त्वचेवर राहतो, व्हीआरई (व्हँकोमायसिनला दाद न देणारा एंटेरोकोकस) आतड्यात.

वस्ती आहे का हे पाहायला नाकातून, काखेतून किंवा जांघेतून आणि गुदद्वारातून स्वॅब घेतात. सगळी रुग्णालयं सगळे स्वॅब सरसकट घेत नाहीत. वर्षभरात आयसीयूत राहिला असाल किंवा आधी कधी रेझिस्टंट जिवाणू निघाला असेल, तर स्वतः विचारा. गुदद्वाराचा स्वॅब लाजेखातर नाकारणारे बरेच ज्येष्ठ रुग्ण असतात. त्यांना घरूनच समजावून न्या. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आता भीतीचा प्रश्न. नुसती वस्ती आहे म्हणून प्रत्यारोपणाचं दार आपोआप बंद होत नाही. ऑपरेशननंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू होतात आणि तेव्हा हाच जिवाणू उसळण्याचा धोका वाढतो, हे खरं. पण आधी माहीत असेल तर टीम ऑपरेशनच्या वेळचं अँटिबायोटिक त्यानुसार ठरवते, नळ्या लवकर काढते, ताप आल्यावर काय सुरू करायचं याची तयारी ठेवते. चालू संसर्ग असेल तर मात्र तो आटोक्यात येईपर्यंत बहुतेक वेळा थांबतात. अशा वेळी यादीतली स्थिती तात्पुरती थांबवली आहे का, आणि पुन्हा चालू करण्यासाठी कोणते रिपोर्ट लागतील, हे रुग्णालयाच्या ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरला विचारा. मरणोत्तर दात्याच्या अवयवाची मुंबईतली यादी झेडटीसीसी (विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र) सांभाळते, पण तुमची नोंद रुग्णालयामार्फत असते. त्यामुळे परस्पर तिकडं चकरा मारून काही साधत नाही.

इशारा: वस्तीवर औषध घेऊ नका. आतड्यातला सीआरई धुऊन काढण्याची खात्रीची पद्धत नाही. एमआरएसएचं वेगळं आहे. त्यासाठी नाकात म्युपिरोसिन मलम आणि क्लोरहेक्सिडिननं अंघोळ असा साधारण पाच दिवसांचा कार्यक्रम डॉक्टर देऊ शकतात. तोही सांगितला तरच.

सगळ्यात जास्त अँटिबायोटिक वाया जातं ते लघवीच्या रिपोर्टवर. जळजळ नाही, ताप नाही, कंबर दुखत नाही, तरी कल्चरमध्ये जिवाणू निघाला म्हणून कोर्स. डायलिसिसच्या रुग्णाला लघवी जेमतेम होते, तिच्यात पू-पेशी दिसणं नेहमीचंच. त्रास नसेल तर बहुतांश वेळा उपचार करत नाहीत. मूत्रमार्गात दुर्बीण घालायची असेल तर गोष्ट वेगळी.

३. नमुना नीट द्या, नाहीतर रिपोर्टच खोटा

सगळ्या नमुन्यांना लागू असलेला नियम: अँटिबायोटिकचा पहिला डोस नमुन्यानंतर. एका डोसनंतरही जिवाणू वाढत नाही आणि ‘नो ग्रोथ’ असा दिलासा देणारा पण चुकीचा रिपोर्ट येऊ शकतो.

लघवी: आधी जागा पाण्यानं स्वच्छ धुवा, सुरुवातीची धार सोडून द्या, मधली धार निर्जंतुक डबीत घ्या. डबीच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. नमुना दोन तासांत लॅबमध्ये पोचला पाहिजे. जमणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. बदलापूरहून सकाळी सहाला भरलेली डबी पिशवीत घालून गर्दीच्या लोकलनं परळला साडेनऊला पोचवली, तर वाटेत वाढलेले जिवाणू मोजले जातात. डबी रिकामी न्या आणि नमुना रुग्णालयातच द्या. नळी असेल तर पिशवीतली लघवी चालत नाही. नमुना नळीच्या पोर्टमधून सिस्टर घेतील.

रक्त: दोन वेगवेगळ्या जागांवरून दोन संच घेतात. मोठ्या माणसासाठी प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर. ‘आधीच हिमोग्लोबिन कमी, एवढं रक्त कशाला’ असा वाद बाटल्यांपाशी होतो. तो घालू नका. रक्त कमी घेतलं की जिवाणू सापडण्याची शक्यता कमी होते. डायलिसिसचा कॅथेटर असेल तर एक संच त्यातून आणि एक हाताच्या शिरेतून घेतात. संसर्गाचं मूळ कॅथेटर आहे का, हे त्यावरून कळतं.

पोटातलं पाणी: लिव्हरच्या रुग्णाचं पाणी काढल्यावर त्यातल्या पेशी मोजायला पाठवल्या का, ते विचारा. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दर घन मिलिमीटरला २५० किंवा जास्त असतील, तर कल्चरची वाट न पाहता उपचार सुरू होतात. कल्चरचं पाणी खाटेपाशीच रक्ताच्या कल्चर बाटलीत भरलं, तर जिवाणू सापडण्याची शक्यता वाढते.

तपासा: डबीवर नाव, तारीख, वेळ आणि नमुन्याचा प्रकार आहे का? सध्या कोणतं अँटिबायोटिक चालू आहे, ते फॉर्मवर लिहिलं का?

४. ताप आला तर, याच क्रमानं

१. थर्मामीटर लावा आणि आकडा वेळेसकट लिहा. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त म्हणजे फोन करायचाच. किडनी आणि लिव्हरच्या रुग्णांना गंभीर संसर्गातही ताप येईलच असं नाही. गुंगी, असंबद्ध बोलणं, थंडी वाजून येणं, बीपी उतरणं, अचानक धाप: यांनाही तापाइतकंच महत्त्व द्या.

२. को-ऑर्डिनेटरला किंवा टीमनं दिलेल्या नंबरवर फोन करा. मेसेज टाकून वाट पाहू नका.

३. घरात उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांनाही हात लावू नका; ती किडनीला आणि लिव्हरच्या रुग्णालाही घातक ठरतात. लिव्हर खराब असताना पॅरासिटामॉलचाही डोस विचारून.

४. पहिल्या पानासकट फाईल घ्या आणि निघा.

५. आपलं रुग्णालय लांब असेल आणि प्रकृती ढासळत असेल तर जवळच्या रुग्णालयात जा. तिथं एकच विनंती करा: ‘ट्रान्सप्लांटच्या यादीत आहेत, पूर्वी हा जिवाणू निघालाय, पहिल्या डोसआधी ब्लड कल्चर घेता येईल का?’

इशारा: कल्चरसाठी औषध तासन्‌तास अडवून धरू नका. सेप्सिसची (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याची) शंका असेल तेव्हा अँटिबायोटिक तासाभरात जायला हवं. रक्त काढायला पाचेक मिनिटं लागतात, दोन्ही जमतं.

डायलिसिस सुरू झाल्यावर हुडहुडी भरली, तर कॅथेटरमधला संसर्ग असेल असंच समजून तिथल्या टेक्निशियनला लगेच सांगा. ‘मशिन गार आहे’ म्हणून वर चादर टाकून वेळ काढू नका.

५. रिपोर्ट वाचायचा तो एवढ्यापुरताच

रक्ताच्या कल्चरची पहिली खबर बहुधा एक-दोन दिवसांत येते, अंतिम निगेटिव्ह रिपोर्ट पाच दिवसांनी. मधल्या ‘प्रिलिमिनरी’ कागदाला अंतिम समजू नका.

तक्त्यात ‘एस’ म्हणजे औषध लागू पडतं, ‘आर’ म्हणजे पडत नाही, ‘आय’ मधलं. कोलिस्टिनसमोर (बाकीची औषधं चालेनाशी झाल्यावर वापरायचं अँटिबायोटिक) ‘आय’ दिसला की लोक घाबरतात. अमेरिकी मानकांनी २०२० पासून कोलिस्टिनसाठी ‘एस’ हा शेराच ठेवलेला नाही. ती मानकं पाळणाऱ्या लॅबमध्ये ‘आय’ किंवा ‘आर’ एवढंच येणार.

शेजारी एमआयसीचा आकडा असतो, म्हणजे जिवाणूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण. ‘ज्याचा आकडा सगळ्यात लहान ते औषध सगळ्यात चांगलं’ हा समज साफ चुकीचा आहे. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी. ई. कोलायच्या रिपोर्टवर सिप्रोफ्लॉक्सासिनसमोर १ आणि पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टमसमोर ८ असेल, तर १ वालं औषध रेझिस्टंट असतं आणि ८ वालं लागू पडतं.

आणखी एक सापळा नायट्रोफ्युरँटॉइनचा. त्याच्यासमोर अनेकदा ‘एस’ असतो, ते स्वस्त असतं, गोळीत मिळतं. पण किडनी निकामी असेल तर ते लघवीत पुरेसं उतरतच नाही. कागदावर ‘एस’, अंगात शून्य.

उलटही होतं. भारतात सीआरईमध्ये एनडीएम नावाचं विकर (मेरोपेनेमसारखी औषधं निकामी करणारं) बरंच आढळतं. अशा वेळी सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम आणि ॲझ्ट्रिओनाम या दोन्हींसमोर वेगवेगळा ‘आर’ असला, तरी दोन्ही एकत्र दिल्यावर लागू पडू शकतात. म्हणून ‘सगळंच आर आहे, आता काही उरलं नाही’ असा निष्कर्ष घरी बसून काढू नका. संसर्गरोगतज्ज्ञांना दाखवायचं आहे, असं स्पष्ट म्हणा. मुंबईत ते उपलब्ध आहेत, आणि असा रिपोर्ट फॅमिली डॉक्टरच्या गळ्यात घालणं त्यांच्यावरही अन्याय आहे.

तपासा: रक्ताच्या एकाच बाटलीत ‘कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस’ निघालाय का? तो त्वचेवरून बाटलीत आलेला असू शकतो. कॅथेटर नसेल आणि दुसरी बाटली कोरी असेल, तर कोर्स सुरू करण्याआधी पुन्हा विचारा.

६. औषध कुणीही लिहू दे, टीमला कळल्याशिवाय सुरू नाही

दंतवैद्य, त्वचारोगतज्ज्ञ, डायलिसिस सेंटरचे डॉक्टर, गावचे डॉक्टर: कुणीही अँटिबायोटिक लिहिलं की पहिली गोळी घेण्याआधी ट्रान्सप्लांट टीमला कळवायचं. मेरोपेनेमसारखी औषधं २०१४ पासून एच-वन परिशिष्टात आहेत. केमिस्टनं प्रिस्क्रिप्शन पाहून रजिस्टरमध्ये नोंद करायची असते. ओळखीच्या केमिस्टकडून तशीच मिळतात, म्हणून घेऊ नका.

डोस स्वतः कमी करू नका. ‘किडनी खराब आहे म्हणून अर्धीच गोळी’ हा घरगुती हिशेब धोक्याचा. किडनीच्या रुग्णात काही औषधांचा डोस, काहींचं अंतर बदलतं. काही डोस डायलिसिसनंतर द्यायचे असतात, नाहीतर औषध मशिनमधून धुऊन जातं. डायलिसिसच्या दिवशी कोणता डोस कधी, हे कागदावर लिहून घ्या. कोलिस्टिन आणि अमिकासिन किडनीला त्रास देऊ शकतात, अमिकासिनमुळे कानही जाऊ शकतात. उरलीसुरली लघवी होत असेल तर तेही सांगा.

लिव्हरच्या रुग्णाला रोज घ्यायची रिफॅक्सिमिन किंवा नॉरफ्लॉक्सासिनची गोळी दिलेली असते. ‘अँटिबायोटिक फार झालं’ म्हणून ती परस्पर बंद करू नका. तिचं काम वेगळं आहे. ॲसिडिटीच्या गोळ्यांचं मात्र पुन्हा विचारा. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल वर्षानुवर्षं चालू राहतात आणि लिव्हरच्या रुग्णांत संसर्गाचा धोका वाढवतात.

मुंबईत खोकला रेंगाळला की टीबी डोक्यात आलाच पाहिजे. तशा खोकल्यावर लिव्होफ्लॉक्सासिनचा कोर्स दिला तर टीबी काही दिवस झाकला जातो आणि निदान लांबतं. आधी थुंकीची तपासणी.

इशारा: अँटिबायोटिकच्या काळात किंवा नंतर पातळ जुलाब लागले तर लोपेरामाइड घेऊन दाबू नका. सी. डिफिसाइल (अँटिबायोटिकनंतर आतड्यात माजणारा जिवाणू) असू शकतो. त्याच्या बीजाणूंवर सॅनिटायझर चालत नाही, हात साबण-पाण्यानंच धुवायचे.

७. रोजचं

डायलिसिससाठी फिस्टुला (हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली कायमची जागा) होण्यासारखा असेल तर तो लांबणीवर टाकू नका. कॅथेटर जितका जास्त काळ, तितकी रक्तातल्या संसर्गाची शक्यता जास्त. कॅथेटर असेल तर तो भिजवायचा नाही, जोडताना-काढताना रुग्ण आणि टेक्निशियन दोघांच्याही तोंडावर मास्क हवा. दुसऱ्या रुग्णालयात कुणी त्यातून सलाईन लावू लागलं किंवा रक्त काढू लागलं, तर ‘हा फक्त डायलिसिसचा’ म्हणून थांबवा.

घरी वेगळं ताट, वेगळी खोली, नातवंडांना लांब ठेवणं यातलं काही करू नका. टॉवेल आणि रेझर स्वतंत्र ठेवा. शौचालयातून आल्यावर आणि कॅथेटरला हात लावण्याआधी हात धुवा. वॉर्डात मात्र गाऊन-हातमोजे घालायला लावतील, कदाचित बाजूची खोली देतील. ते शेजारच्या खाटेवरच्या माणसासाठी आहे. मनाला लावून घेऊ नका.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा ताप) ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवण्याचा सल्ला महापालिका देते. तुमच्यासाठीही तो खरा, पण डॉक्सिसायक्लिन घेण्याआधी टीमला फोन. टँकरचं पाणी उकळूनच प्या.

फ्लू, न्यूमोकोकस, हिपॅटायटिस बी या लसी आत्ताच घ्या. कांजिण्यांसारख्या जिवंत लसी घ्यायच्या असतील तर प्रत्यारोपणाच्या किमान चार आठवडे आधी. नंतर त्या देत नाहीत.

८. कॉल आला, किंवा तारीख ठरली

मरणोत्तर दात्याचा कॉल कधीही येतो आणि घड्याळ लगेच सुरू होतं. बाहेर काढलेलं हृदय साधारण ४ तास टिकतं, लिव्हर बाराएक तास, किडनी त्याहून जास्त. फोनवरच सांगा: गेल्या आठवड्यात ताप होता का, अँटिबायोटिक चालू आहे का, शेवटचा रेझिस्टंट रिपोर्ट कधीचा. ‘आधी पोचू, मग सांगू’ असं केलंत तर तुमचा वेळ जातोच, पण ज्याला तो अवयव लगेच देता आला असता त्याचाही जातो. जुलैत शीव-कुर्ल्याला रुळांवर पाणी असेल, तर कोणत्या रस्त्यानं येताय तेही त्याच फोनवर.

घरातलाच दाता असेल तर तारीख आपल्या हातात असते, याचा पुरेपूर फायदा घ्या. रुग्णाचा संसर्ग पूर्ण बरा होऊ द्या. हॉल बुक झालाय, मुलगा अमेरिकेहून येतोय, असल्या कारणांनी तारीख पुढं-मागं रेटू नका. दात्याचीही लघवीची तपासणी होईल. त्यालाही अधूनमधून जळजळ होत असेल तर त्यानं लपवू नये.

ऑपरेशनच्या आदल्या भेटीत भूलतज्ज्ञांना आणि सर्जनना एकच प्रश्न विचारा: ‘यांच्या जुन्या कल्चरनुसार ऑपरेशनच्या वेळचं अँटिबायोटिक ठरलंय ना?’

मरणोत्तर दाता बहुतेकदा आयसीयूत व्हेंटिलेटरवर राहिलेला असतो, आणि त्याची काही कल्चर प्रत्यारोपण होऊन गेल्यावर अंतिम होतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी राउंडला आलेल्या डॉक्टरांना दात्याचे अंतिम रिपोर्ट आले का, आणि त्यामुळे औषधात काही बदल आहे का, एवढं विचारून घ्या.